पुतळा, ग्रंथालय आणि पोत्यात भरलेली भीमगीतं

भाईंदर पूर्वेची एक जुनी इमारत धोकादायक ठरली आणि पावसाळ्याआधी ती रिकामी करायची नोटीस लागली. तिसऱ्या मजल्यावर एक गायक राहायचे. हयात असेपर्यंत दर एप्रिलमध्ये ते आणि त्यांची गायन पार्टी महिनाभर घरी नसायचे. ते गेले त्याला काही वर्षे झाली. भाड्याच्या घरात सामान मावणार नाही म्हणून मुलांनी आवराआवर काढली, तेव्हा पलंगाखालून दोन पोती निघाली. आत कॅसेट. भंगारवाल्याने प्लास्टिकच्या भावाने त्या घ्यायची तयारी दाखवली. शेजारच्या पोराने विहारात फोन केला, म्हणून आम्ही तिघे धावत गेलो.

काही कॅसेट बाजारातल्या, छापील कव्हरच्या होत्या. त्यांची फार चिंता नाही, त्यांची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळेल. पण निम्म्याहून अधिक कॅसेट कोऱ्या विकत घेऊन भरलेल्या होत्या. वर बॉलपेनने लिहिलेलं: जयंती, वरळी. मुकाबला, रात्र दुसरी. बाबांचा आवाज, पुसू नये. या गाण्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसणार. सोबत गाण्यांच्या सात वह्या, त्यातल्या दोन वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या.

पोती वाचली, पण पुढे काय? आम्ही एका ग्रंथालयात विचारायला गेलो. तिथले ग्रंथपाल भले गृहस्थ. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "आमच्या दाखलनोंदीत पुस्तक आणि नियतकालिक एवढेच रकाने आहेत. कॅसेट कुठे चढवू? तपासणीला काय दाखवू?" त्यांची चूक नव्हती. पण तो रकाना का नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आंबेडकरी गाण्याला सत्यशोधक जलशापासून धरलं तर शंभराहून जास्त वर्षांचा. इतक्या काळात हे दोन इतिहास एका छताखाली आलेच नाहीत. त्याचं कारण शोधायला १९१६ सालात जावं लागतं.

त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. सर फिरोजशहा मेहतांचं निधन १९१५ च्या नोव्हेंबरात झालं होतं आणि मुंबईत त्यांचा पुतळा उभारायचं घाटत होतं. पंचविशीच्या आतल्या या विद्यार्थ्याने 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र लिहिलं. मेहतांसारख्या माणसाचं स्मारक पुतळ्याच्या रूपात व्हावं हे त्यांना क्षुल्लक वाटत होतं, त्याऐवजी मुंबईत त्यांच्या नावाने सार्वजनिक ग्रंथालय काढावं अशी त्यांची सूचना होती. समाजाच्या वाढीत ग्रंथालय या संस्थेचं मोल आपल्याला अजून कळलेलं नाही, ही खंतही त्यांनी मांडली. समोर कोलंबियाचं ग्रंथालय होतं, ते सकाळपासून तिथे बसायचे, म्हणजे ही गोष्ट अनुभवातून आलेली. मुंबईने काय केलं? आज सीएसएमटीला उतरून महापालिकेच्या मुख्यालयासमोर उभे राहा. मेहतांचा पुतळा दिसेल.

बाबासाहेबांना अमेरिकेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, १९१३ मध्ये. याच सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं होतं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं, लाकडी पेटीतून फिरणारी पुस्तकं. त्यात एक विभाग निव्वळ चित्रं आणि चित्रफितींचा होता, निरक्षर माणसालाही काही मिळावं म्हणून. आणि १९१६ मध्ये, म्हणजे बाबासाहेब ते पत्र लिहीत होते त्याच वर्षी, बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे पंडित भातखंडे होते, मुंबईचे वकील. त्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्या छापल्या म्हणून ग्रंथालयात गेल्या. आजही मोठ्या जुन्या ग्रंथालयांत संगीताचं कपाट उघडलं की तीच परंपरा समोर येते: राग, घराणी, नाट्यसंगीत.

एकाच राजाच्या खजिन्यातून ग्रंथालय, संगीत परिषद आणि बाबासाहेबांचं शिक्षण. पण परिषदेत चर्चा झाली ती राग, श्रुती आणि स्वरलिपीची. तमाशा, जलसा, जात्यावरची ओवी हे "संगीत" या शब्दात बसतच नव्हतं. भातखंड्यांना मी दोष देत नाही, त्यांनी जे केलं ते प्रचंड आहे. सांगायचं एवढंच की काय जपायचं हे ठरवणाऱ्यांच्या खोलीत आपण नव्हतो, आणि पुढची सगळी कपाटं त्याच खोलीत ठरलेल्या मापांनी बनली.

सार्वजनिक म्हणजे कोणाचं?

रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं. नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कल्याणचं १८६४ चं. आपल्या ठाणे जिल्ह्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, पाच वर्षांनी मुंबईत. मराठी भाषेला या संस्थांनी जगवलं यात शंका नाही. पण पहिली बरीच वाचनालयं इंग्रज अधिकारी आणि वर्गणी भरू शकणाऱ्या एतद्देशीयांची होती. तिथे आपला माणूस उंबऱ्याबाहेरच.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या पायावर उभा होता हे आपल्याला पाठ आहे. पण ती यादी पुन्हा वाचून बघा. तिच्यात वाचनालय नाही. ती उणीव पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्या बाजूने भरून काढली. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालयं आणि अभ्यासवर्ग काढणं हे नोंदवलेलं आहे. पुढे दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. तिथला संग्रह पन्नास हजारांच्या घरात गेल्याचं सांगतात, आणि तो मोठ्या प्रमाणात सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. त्याआधी १९१७ मध्ये जहाजाने येणारी त्यांची पुस्तकं महायुद्धात टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली होती. संग्रह गमावणं काय असतं हे त्यांना माहीत होतं.

गाण्याकडेही त्यांचं दुर्लक्ष नव्हतं. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. आणि भीमराव कर्डकांच्या जलशाला त्यांनी दिलेली दाद तर गावागावात सांगितली जाते. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून निघालेल्या या जलशांनी महाड, काळाराम मंदिर, धर्मांतराची घोषणा हे सगळं अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत पोचवलं. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या समाजाचं ते वर्तमानपत्र होतं. नंतर वामनदादा आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा मुंबईत येऊन मोठेपणी अक्षरं शिकला आणि हजारो गाणी लिहून गेला. त्यांचे मोजके संग्रह छापले गेले. बाकीची गाणी वह्यांत, गायकांच्या गळ्यात आणि कॅसेटवर.

थोडक्यात, आपल्या चळवळीचे ग्रंथ ग्रंथालयात गेले आणि तिचा आवाज बाहेर राहिला. बाबासाहेबांचं समग्र वाङ्मय शासनाने छापलं, ते बऱ्याच वाचनालयांत आहे. पण १९४५ मध्ये, १९५६ मध्ये वस्तीत काय गायलं जात होतं, कोणत्या चालीवर, लोक कुठे हसत होते, कुठे गप्प होत होते, हे ऐकायचं म्हटलं तर कुठे जायचं? खुद्द बाबासाहेबांची १९५५ ची इंग्रजी मुलाखत आपण आज ऐकू शकतो ती बीबीसीने घेतली आणि जपली म्हणून.

कायद्याचे कान

१९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. कायदा पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना लागू आहे. तबकडी, कॅसेट, सीडी यांच्यासाठी अशी सक्ती नाही. फ्रान्समध्ये छापील पुस्तकाप्रमाणे ध्वनिमुद्रणाचीही प्रत जमा करायची व्यवस्था १९३८ पासून आहे. आपल्याकडे १९८० आणि ९० च्या दशकांत भीमगीतांच्या किती कॅसेट निघाल्या असतील याचा अंदाज चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला स्टॉल लावणाऱ्या कोणालाही विचारा. त्यातली एकही प्रत सरकारकडे जमा करायची सक्ती कोणावर नव्हती. कंपनी बंद पडली, मास्टर टेप गेली, की ते गाणं घराघरातल्या प्रतींवरच जगणार.

राज्याचं काय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. (आपल्या राज्यातली सुरुवात त्याही आधीची, कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता.) या कायद्याखाली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. वर्ग ठरतो तो मुख्यतः ग्रंथ आणि नियतकालिकांच्या संख्येवर. कॅसेट ठेवल्याने वर्ग वाढत नाही. मग जे ग्रंथालय महिन्याचं वीजबिल भरताना मेटाकुटीला येतं, ते टेपरेकॉर्डर आणि हवाबंद कपाट कुठून आणणार? ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वार्षिक अनुदान तीस हजार रुपये होतं, २०२२ मध्ये साठ टक्के वाढ होऊन ते अठ्ठेचाळीस हजार झालं. महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, पुस्तक खरेदी आणि सगळं. त्यात २०१२ नंतर कित्येक वर्षं नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच थांबलं होतं. म्हणजे याच काळात मीरा-भाईंदरसारखी शहरं फुगत होती आणि नवं वाचनालय काढणाऱ्या मंडळांना दार बंद होतं.

आता एक चांगली बातमी, जी आपल्या कार्यकर्त्यांत फारशी चर्चेत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. कलम ५२ मध्ये एक उपकलम आलं. बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कलाकृतीची मूळ, म्हणजे डिजिटल नसलेली, प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही. आणि कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणही "कलाकृती"त मोडतं. हे उपकलम शब्दशः वाचलं तर त्याचा अर्थ असा निघतो: पलंगाखालच्या पोत्यातल्या कॅसेटला या सवलतीचं छत्र नाही. तीच कॅसेट सार्वजनिक ग्रंथालयाच्या नोंदीत चढली की ते मिळू शकतं. आपण जपायचा हक्क व्यक्तीऐवजी संस्थेत शोधला पाहिजे.

मर्यादाही स्पष्ट सांगतो, नाहीतर उत्साहात कोणी अडचणीत यायचं. हे उपकलम जतनापुरतं आहे. त्याच्या जोरावर गाणी इंटरनेटवर टाकता येत नाहीत. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं चालतो, म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ संपेपर्यंत कंपनीच्या हक्कात. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. वामनदादा २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या गाण्यांचा हक्क २०६४ पर्यंत वारसांकडे. गायकाचे स्वतंत्र हक्क वेगळे. घरगुती ध्वनिमुद्रणात तर हे सगळे धागे गुंतलेले असतात. म्हणून घरच्यांकडून साध्या मराठीतलं संमतीपत्र घ्यावं: ग्रंथालयात बसून ऐकवायला हरकत नाही, विकायला किंवा इंटरनेटवर टाकायला पुन्हा विचारावं लागेल. आमच्या गायकांच्या मुलाने असं पत्र दहा मिनिटांत लिहून दिलं. त्याची एकच अट होती, वडिलांचं नाव कपाटावर लावायचं, पण कार्यक्रम करून हार घालायचा नाही.

"यूट्यूबवर सगळं आहे की," हे हमखास ऐकायला मिळतं. तिथे खूप आहे हे खरं, आणि ज्यांनी ते चढवलं त्यांचे आपण ऋणी आहोत. पण कॉपीराइटचा दावा आला की तिथलं गाणं रात्रीत नाहीसं होतं, खातं बंद पडलं की शेकडो गाणी एकदम जातात. गीतकाराचं नाव चुकतं. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजावर नवा ठेका चढवून मूळ गाणं म्हणून फिरतं. डीजेवर नाचायला माझी हरकत नाही, मीही नाचलो आहे. पण मूळ चाल कुठे ऐकायची हे ठाऊक असलं पाहिजे, आणि ते ठिकाण कोणा कंपनीच्या मर्जीवर चालणारं नसावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अत्याचार थांबत नाहीत, शिष्यवृत्त्या अडकतात, भरती होत नाही, आणि तुम्ही कॅसेट घेऊन बसलात? त्याला उत्तर म्हणून दोन गोष्टी आठवतो. नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ चालला. त्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या गावागावात काय घडलं, कोण जळालं, कोण पळालं, याची पोलिसांच्या कागदांपलीकडची नोंद बरीचशी गाण्यांत आहे. आणि ११ जुलै १९९७. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. आज त्यांचा आवाज आपल्या तरुणांना माहीत आहे तो मुख्यतः आनंद पटवर्धनांच्या 'जयभीम कॉम्रेड'मुळे, कारण पटवर्धनांनी तो आधीच टिपून ठेवला होता. एका चित्रपटकाराने कॅमेरा चालू ठेवला म्हणून हा एक शाहीर उरला. बाकीच्यांच्या वेळी कॅमेरा नव्हता.

आणि हे काम होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर गायलेल्या ओव्या आहेत. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर गायिकेच्या नावगावासकट त्या क्रमाने येत गेल्या, आणि आज कोणीही ऐकू शकतं. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव तिथे कवयित्री म्हणून नोंदलेलं आहे. हा संग्रह विद्वानांनी केला, आपण केला नाही, याची थोडी बोच मला आहे.

स्वतः करणाऱ्यांचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडतं, कोलंबिया विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या १३५ व्या रस्त्यावर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. आर्थर शोम्बर्ग नावाचे प्वेर्तो रिकोहून आलेले कृष्णवर्णीय गृहस्थ पोटासाठी नोकरी करत आणि मिळेल तिथून आपल्या लोकांची पुस्तकं, पत्रं, चित्रं जमवत. १९२६ मध्ये त्यांचा संग्रह दहा हजार डॉलरला विकत घेऊन त्या शाखेत ठेवला गेला. पुढे शोम्बर्ग स्वतःच त्याचे अभिरक्षक झाले. आज तिथे त्यांच्या नावाचं मोठं संशोधन केंद्र आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणं आणि चित्रफितींचा स्वतंत्र विभाग आहे. बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून गेल्यावर दहा वर्षांनी हे घडलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या समाजाने आपला संग्रह घरात किंवा चर्चमध्ये कोंडून ठेवला नाही. तो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला आणि तो सांभाळायची जबाबदारी शहरावर आली.

सोपाऱ्याचा भाणक

आपल्या धम्मपरंपरेत हे काम नवं नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खू जमले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म, आणि सर्वांनी मिळून तो म्हटला. त्या सभेला आपण संगीती म्हणतो. एकत्र गाणं, एकत्र म्हणणं असाच त्याचा अर्थ. पुढे काही शतकं तिपिटक भाणकांच्या मुखात राहिलं. दीघनिकाय कोणी पाठ करायचा, मज्झिम कोणी, हे वाटून दिलेलं होतं. श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाने पाठ करणारेच मरू लागले तेव्हा, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात, ते आलुविहारात लिहून काढलं गेलं. गाणारे संपत चाललेत हे ओळखून त्यांनी वेळेत माध्यम बदललं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर लेख आहे. तो खांब दान देणाऱ्याचं नाव सातिमित, तो भाणक होता आणि सोपाऱ्याचा होता. सोपारा म्हणजे नालासोपारा, भाईंदरहून विरार लोकलने तिसरं स्टेशन. आपल्या एका बाजूला कान्हेरी, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप, आणि त्याच सोपाऱ्यात १८८२ मध्ये अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मधल्या या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला भाणकांची आठवण कोणी बाहेरून येऊन करून द्यायची गरज नाही.

तर मीरा-भाईंदर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर, आता कितीतरी जास्त. १९८५ पर्यंत ग्रामपंचायती, मग नगरपालिका, २००२ पासून महापालिका. आपली माणसं इथे वरळी-नायगाव-परळच्या चाळींतून आली, मराठवाडा-विदर्भ-कोकणातून आली आणि ट्रंकेत, पेटीत गाणी घेऊन आली. त्यांनी घेतलेल्या १९८० च्या दशकातल्या इमारती आता पुनर्विकासाला चालल्या आहेत. प्रत्येक रिकाम्या होणाऱ्या इमारतीत एखादं पोतं असणार, आणि भंगारवाला आपल्याआधी पोचणार. हे काम पाच वर्षांनी करू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

महापालिकेच्या कायद्यात रस्ते, पाणी, गटारं ही बंधनकारक कामं आहेत, ग्रंथालय ऐच्छिक कामांत येतं. ऐच्छिक म्हणजे मागणारा असेल तर. आपण काय मागतो? दर जयंतीला निवेदन दिलं जातं: पुतळा, कमान, भवन, चौकाला नाव. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही, ज्या चौकात उभं राहायची सोय नव्हती तिथे बाबासाहेब उभे राहिले की काय वाटतं हे मला कळतं. पण निवेदनाच्या शेवटी "व अभ्यासिका" असा शब्द चिकटवलेला असतो. अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबल-खुर्च्या, तीही हवीच. ग्रंथालय त्याहून वेगळं असतं: संग्रह, सूची, आणि ते सांभाळणारा पगारी माणूस. महापालिकेने नाट्यगृह उभारलं, त्याला लता मंगेशकरांचं नाव दिलं. त्याच शहरात विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे आणि उत्तन-डोंगरीच्या कोळी-ख्रिस्ती गाण्यांसाठी महापालिकेच्या वाचनालयात एक ध्वनी-कपाट मागायला काय हरकत आहे? हो, कोळी-आगरी गाणीही त्यातच. त्यांची अवस्था आपल्यापेक्षा बरी नाही, आणि मागणी एकत्र गेली तर वजन पडेल. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर व्हायचं असतं, तेव्हा पत्र दिवाळीनंतर लगेच गेलं पाहिजे. एप्रिलच्या निवेदनाला पुढच्या मार्चपर्यंत कोणी विचारत नाही.

राज्याकडे वेगळी मागणी: ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ध्वनिमुद्रणंही मोजा. त्याला नवा कायदा लागणार नाही, नियम बदलले तरी पुरे.

आणि तोवर विहारांनी थांबायचं कारण नाही. ज्या विहाराची संस्था नोंदलेली आहे त्याने वाचनालय सर्वांसाठी खुलं ठेवावं, तसा ठराव करावा, आणि दाखलनोंदीत कॅसेटचा रकाना स्वतः आखावा. नोंदीत तारीख, देणाऱ्याचं नाव, कॅसेटवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं. शुद्धलेखन सुधारू नका. खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. चांगल्या दर्जात एक तासाचं ध्वनिमुद्रण साधारण एक जीबी जागा खातं. हजार कॅसेट एका टेराबाइटच्या डिस्कमध्ये बसतात. दोन डिस्क घ्या, एक विहारात, एक दुसऱ्याच्या घरी. खरी किंमत वेळेची आहे. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तास लागतोच, आणि तो तास कोणीतरी बसून ऐकायचा असतो.

आम्ही सुरुवात केली आहे. डेक मिळेना, शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने माळ्यावरून काढून दिला आणि हेड कशाने पुसायचं तेही शिकवलं. वाजवण्याआधी कॅसेटच्या पाठच्या दोन खाचा मोडायच्या, म्हणजे चुकून काही पुसलं जात नाही. बुरशी दिसली तर लावायचीच नाही, बाजूला ठेवायची. आतापर्यंत अकरा उतरल्या. "बाबांचा आवाज, पुसू नये" ही आम्ही सर्वात आधी लावली. आम्हाला वाटलं होतं बाबासाहेबांचं भाषण असेल. निघाला त्या गायकांच्या वडिलांचा आवाज. खंजिरीवर एक जुनं जलशाचं गाणं, मध्येच खोकला, आणि मागून एक बाई सांगतेय की तिसरं कडवं विसरलात. त्या कडव्याचे शब्द आम्हाला सात वह्यांत कुठेच सापडले नाहीत. कोणाच्या घरी अशी वही असेल तर रविवारी संध्याकाळी विहारात घेऊन यावी, आम्ही डेक लावून बसलेले असतो.